गॅस गेला नव्हता

आषाढाच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे सलग तीन दिवस दूध नासलं. पहिल्या दिवशी दूधवाल्याला बोल लावला, दुसऱ्या दिवशी पातेलं दोनदा घासलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तापवून, निववून आत ठेवलेलं दूध संध्याकाळच्या चहाला फुटलं, तेव्हा मी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात कोपरापर्यंत हात घालून बघितला. माठाजवळ बसलं की जेवढा गारवा लागतो तेवढाच होता. कोथिंबीर मान टाकून बसली होती आणि कालच्या ताकाचा वास दार उघडताच नाकात गेला.

वरचा फ्रीझर उघडला तर तिथे सगळं जागच्या जागी. आमच्या घरामागे हापूसची चार झाडं आहेत. दर मे महिन्यात मी रस काढून अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्या भरून ठेवते, मुलं गणपतीला घरी येतात तेव्हा पहिल्या दिवशी त्याच पिशव्या निघतात. बावीस पिशव्या होत्या. एकेक दाबून पाहिली, सगळ्या दगडासारख्या. मला हायसं वाटलं आणि कोडंही पडलं. एकाच यंत्राचा वरचा मजला गोठलेला आणि खालचा कोमट, हे कसं?

एक गोष्ट मी आधी कानाआड केली होती. आठ-दहा दिवसांपासून फ्रीझरमधून मधूनच ‘खर्र खर्र’ असा आवाज यायचा. दार जरा जोरात लावलं की थांबायचा. बाहेर पत्र्यावर पाऊस कोसळत होता, त्यात तो आवाज मनावर कोण घेणार? पण तीच पहिली हाक होती.

ह्यांनी ओळखीतून एक मेकॅनिक बोलावला. त्यानं मागे जाऊन कॉम्प्रेसरला हात लावला, फ्रीझर उघडून बंद केला आणि सांगितलं, “गॅस गेलाय, ताई. साडेतीन हजार होतील. आत्ता भरतो, उद्या सकाळी बर्फ.” पाच मिनिटंही लागली नव्हती. मी माध्यमिक शाळेत सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवलं. मुलानं उत्तर बरोबर दिलं तरी मी “कशावरून?” विचारायची. त्याला तेच विचारलं. “अनुभवावरून” म्हणाला. मी म्हटलं, उद्या फोन करते.

मग भाच्याला फोन लावला. तो कोल्हापूरला असतो, आयटीआयला फ्रीज-एसीचाच ट्रेड केलाय आणि आता त्याच धंद्यात आहे. सगळं ऐकून घेतलं आणि त्यानं पहिलाच प्रश्न केला, “आत्या, वरचं गोठतंय ना? मग गॅस कुठे गेला? फ्रीझरची मागची भिंत बघ. पांढरी झालीय?”

झाली होती. मागच्या प्लास्टिकच्या पॅनेलवर, खालच्या अर्ध्या भागात, तांदळाचं पीठ पसरावं तसं हिम धरलं होतं. हवा जायच्या जाळीची भोकं जवळजवळ बुजली होती. फ्रॉस्ट फ्री, म्हणजे हिम साचू न देणाऱ्या फ्रीजमध्ये हे दिसताच कामा नये, त्याच्या नावातच ते आहे.

आता हे यंत्र आत कसं चालतं ते नीट सांगते, कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं. दोन दारांच्या फ्रॉस्ट फ्री फ्रीजमध्ये थंडी एकाच जागी तयार होते: फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड असलेल्या कॉइलवर, म्हणजे गॅस खेळणाऱ्या नळ्यांच्या वेटोळ्यावर. खालच्या कप्प्याला स्वतःची थंडी नसते. पॅनेलआडचा छोटा पंखा कॉइलवरून हवा ओढतो, बरीचशी फ्रीझरमध्ये सोडतो आणि थोडी मागच्या डक्टमधून खाली पाठवतो. कॉइल उणे वीस-पंचवीसच्या घरात असते, त्यामुळे आतल्या हवेत जी काही वाफ असेल ती तिच्यावर हिम होऊन चिकटते. रत्नागिरीच्या जुलैमध्ये कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, अशी हवा दर वेळी दार उघडलं की आत शिरते. म्हणजे हिम धरणारच, ते काही बिघाडाचं लक्षण नव्हे. म्हणून साधारण आठ ते बारा तास चालून झालं की टायमर कॉम्प्रेसर थांबवतो आणि कॉइलखालचा हीटर वीस-पंचवीस मिनिटं लावतो. हिम वितळतं, खालच्या पन्हळीत पडतं, नळीतून मागच्या ट्रेमध्ये उतरतं आणि कॉम्प्रेसरच्या उबेनं तिथे वाळून जातं. हे सगळं आपल्या नकळत दिवसातून दोन-तीनदा चालू असतं.

फ्रीजमध्ये हीटर म्हटल्यावर त्याला राखण हवी. ती दोघं करतात. एक बायमेटल, चार आण्याच्या नाण्यापेक्षा जरा मोठी चकती, कॉइलच्या नळीला क्लिपनं अडकवलेली. कॉइल चांगली गोठलेली असेल तरच ती हीटरची वाट जोडते, आणि हिम वितळून कॉइल शून्याच्या काही अंश वर गेली की तोडते. दुसरा थर्मल फ्यूज. बायमेटलनं दगा दिला आणि आत सत्तर-बहात्तर अंशांपर्यंत तापलं तर हा एकदाच उडतो आणि हीटर कायमचा बंद करतो.

टायमर, बायमेटल, फ्यूज, हीटर, चौघेही एकाच माळेत ओवलेले. यातलं एक तुटलं की हीटर लागत नाही. मग हिमाचा थर चढत जातो, कॉइलच्या पत्र्यांमधल्या फटी बुजतात, पंख्याची पाती बर्फाला घासून खरखरू लागतात, हवा खाली पोचत नाही. फ्रीझर कॉइलला चिकटून असल्यामुळे अजून गोठलेला राहतो आणि खालचं दूध नासतं. आमचं कोडं इथेच सुटलं. गॅस कमी झाला असता तर वरच्या पिशव्याही मऊ पडल्या असत्या.

तरी भाचा म्हणाला, “अंदाजावर जाऊ नकोस. एकेक तपासत जा.” मला हेच ऐकायचं होतं.

सुरुवात टायमरपासून केली. आमचा फ्रीज २०१६चा, इन्व्हर्टर (कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारी यंत्रणा) नसलेला, त्यात हातानं फिरवता येणारा टायमर आहे. तो मागे कॉम्प्रेसरशेजारी सापडला, काही फ्रीजमध्ये आतल्या दिव्याच्या डब्यात असतो. त्याच्या मधोमध स्क्रू ड्रायव्हर बसेल अशी खाच असते. प्लग काढला, खाच हळूहळू उजवीकडे फिरवली, एका जागी ‘कट्’ असा स्पष्ट आवाज आला. म्हणजे आता तो डीफ्रॉस्टवर, हिम वितळवायच्या पाळीवर गेला. प्लग परत लावला. कॉम्प्रेसर गप्प, पंखा गप्प. आता हीटर लागायला हवा होता.

लागला की नाही हे पॅनेल न उघडता कसं कळणार? भाचा म्हणाला, कान लाव, वितळलेले थेंब गरम हीटरवर पडले की चर्र आवाज येतो. मी दहा मिनिटं कान लावून उभी होते. काही नाही. पण न ऐकू येणं हा काही पुरावा होत नाही, म्हणून मला दुसरी युक्ती सुचली. आमच्या विजेच्या मीटरवर एक तांबडा दिवा आहे आणि शेजारी ३२०० इम्प्युल्स प्रति युनिट असं लिहिलंय. म्हणजे एक युनिट वीज गेली की तो ३२०० वेळा लुकलुकतो. अशा फ्रीजचा हीटर दीडशे वॉटच्या आसपास असतो. दीडशे वॉट म्हणजे तासाला ०.१५ युनिट, म्हणजे ४८० वेळा, म्हणजे मिनिटाला आठ. घरातलं बाकी सगळं बंद केलं, राऊटरसुद्धा, आणि ह्यांना छत्री देऊन ओटीबाहेर मीटरपाशी उभं केलं. “लुकलुकतोय का?” “नाही.” तीन मिनिटं झाली, “अजून नाही.” टायमरनं कॉम्प्रेसर थांबवला होता, पण वीज पुढे कुणीच खात नव्हतं. दोष हीटर, बायमेटल किंवा फ्यूज या तिघांतच होता.

आता आत शिरायचं. शेजारच्या काकूंनी त्यांच्या फ्रीझरचा एक अख्खा कप्पा मोकळा करून दिला. बावीस पिशव्या वर्तमानपत्रात गुंडाळून दोन बादल्यांतून पावसातून पलीकडे नेल्या. नारळाच्या खवाच्या पिशव्याही नेल्या. प्लग काढला, आणि काढला म्हणजे सॉकेटमधून बाहेर काढून दिसेल असा वर ठेवला, नुसतं बटण बंद करून मी भागवलं नाही.

पॅनेल दोन स्क्रूंवर असतं, पण बर्फानं ते मागून धरून ठेवलं होतं. इथे माणसाचा हात सुरीकडे जातो. कृपा करून नेऊ नका. माझ्या जावेनं तिच्या जुन्या एकदारी फ्रीजमधला बर्फ उलथन्यानं खरवडला आणि ॲल्युमिनियमला टोचा पडला. फुस्स असा आवाज झाला आणि फ्रीज भंगारात गेला. आमच्या फ्रीजच्या मागच्या लेबलवर गॅस आर-६००ए लिहिलंय. तो आयसोब्युटेन, लायटरमधल्या गॅसचा सख्खा भाऊ, पेट घेणारा. हल्लीच्या घरगुती फ्रीजमध्ये बहुतेक हाच असतो. त्याच्याजवळ धारदार काही नको आणि मेणबत्ती, काडेपेटी तर नकोच नको. मी उकळत्या पाण्याचं पातेलं झाकण न ठेवता फ्रीझरमध्ये ठेवलं, खाली जाड टॉवेल, दार लावून घेतलं. पंधरा मिनिटांनी पाणी बदललं. तिसऱ्या पातेल्याला पॅनेल ‘टप्’ करून सुटलं.

आतलं दृश्य मी विसरणार नाही. कॉइल दिसतच नव्हती. वरपासून खालपर्यंत एकसंध पांढरी भिंत, मधे पत्र्यांच्या कडांच्या बारीक रेघा, आणि पंख्याभोवती बर्फाची कडा, जिच्यावर पात्यानं कोरलेला गुळगुळीत गोल खाचा होता. खर्र खर्रचा उगम तोच. फोटो काढून कोल्हापूरला पाठवला. उत्तर आलं, “हेच बघायचं होतं. गॅस कमी असता तर फक्त एका कोपऱ्यात, गॅस आत शिरतो तिथेच हिम असतं, बाकी कॉइल कोरडी. हे सगळीकडे सारखं आहे. गॅस पुरेपूर आहे.” साडेतीन हजारांचा निकाल एका फोटोत लागला.

मग दोन्ही दारं उघडी टाकून, समोर टेबलफॅन लावून रात्रभर सोडलं. पाणी मोजायची मला सवय. खालच्या थाळ्यांतलं आणि टॉवेल पिळून निघालेलं, सगळं मिळून अडीच लिटरच्या वर भरलं. दहावीला ‘उष्णता’ शिकवताना मी फळ्यावर हजारदा लिहिलंय, एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी. दीडशे वॉटचा हीटर पंचवीस मिनिटं चालला तर त्याच्याकडून जेमतेम ५४ हजार कॅलरी मिळतात. त्यात फार तर पाऊण किलोच्या आत बर्फ वितळेल, आणि तेही सगळी उष्णता बर्फालाच गेली तर. म्हणजे एकदा का अडीच किलो साचला, की नवा हीटर बसवून टायमर फिरवला तरी तो एका खेपेत निघणार नाही. आधी सगळं हातानं वितळवून, कॉइल कोरडी करून मगच जोडणी करायची. कित्येक ठिकाणी सुटा भाग बदलूनही “फरक पडला नाही” असं होतं, त्यामागे हे एक कारण असतं.

हेही लक्षात ठेवा: असा फ्रीज चोवीस तास बंद ठेवून पुन्हा लावला की चार-सहा दिवस झकास थंड करतो आणि मग परत तेच सुरू होतं. हा सुधारलेला फ्रीज नव्हे. नुसत्या बंद ठेवण्यानं बरा होणारा आणि आठवड्यात पुन्हा पडणारा फ्रीज म्हणजे बहुतेक वेळा डीफ्रॉस्टचा आजार.

सकाळी कॉइल स्वच्छ दिसली. आणि त्याच वेळी मला ते दिसलं ज्यासाठी खरं तर मी हे सगळं लिहायला बसले.

वायरींचा जुडगा कॉइलच्या उजव्या अंगानं खाली जातो. त्यात मधेच काळ्या चिकटपट्टीचा एक फुगीर गुंडाळा होता. पट्टी ओली, कडा तपकिरी पडलेल्या. व्हिडिओ कॉलवर भाच्याला दाखवला. तो क्षणभर बोललाच नाही. मग म्हणाला, “आत्या, तिथे फ्यूज असायला हवा होता. कुणीतरी काढून डायरेक्ट केलाय.” मी पट्टी सोडली. आत दोन तारा एकमेकींना पीळ घालून जोडलेल्या, तांबं काळवंडलेलं.

२०२१च्या पावसाळ्यात हाच फ्रीज थंड करेनासा झाला होता. तेव्हा एक जण आला, अर्ध्या तासात ‘छोटी लाइन गेली होती’ म्हणाला, सहाशे रुपये घेऊन गेला आणि फ्रीज चालू झाला. आम्ही त्याला चहा दिला होता. आता कळलं की फ्यूज उडाला होता आणि त्यानं तो शंभर-सव्वाशे रुपयांचा भाग आणून बसवण्याऐवजी वाटच खुली करून दिली. फ्यूज उगाच उडत नाही. आत गरजेपेक्षा जास्त तापलं म्हणून तो उडाला, म्हणजे बायमेटल तेव्हाच वेळेवर तोडत नव्हता असणार. गेली चार वर्षं माझ्या स्वयंपाकघरात, प्लास्टिकच्या अस्तराला आणि फोमच्या भिंतीला खेटून, एक हीटर राखणीवाचून चालत होता. फोम जळणारा, गॅस जळणारा. रात्री दोन वाजता हीटर लागायचा तेव्हा आम्ही पलीकडच्या खोलीत झोपलेलो असायचो. मला राग आला आणि नंतर बराच वेळ भीती वाटत राहिली. बायमेटल पुढे जाऊन जोडलेल्या अवस्थेत चिकटला असता, तर हीटर थांबवायला टायमरशिवाय कुणी उरलं नसतं. तो वाट तोडलेल्या अवस्थेत गेला आणि आमचं फक्त दूध नासलं.

म्हणून सांगते, फ्रीजचं काम कुणी केलं की विचारा: काय काढलं, काय घातलं, काढलेला भाग दाखवा. ‘डायरेक्ट केलंय’ हा शब्द कानावर आला तर पैसे देऊ नका, प्लग काढून ठेवा.

पुढचं तपासणं सोपं होतं. जुडग्याचं सॉकेट सुटं होतं, ते काढून बायमेटलसकट वायरी ओट्यावर आणल्या. साडेतीनशे रुपयांचा मल्टीमीटर मी शाळेत असतानाच घेतला होता. हीटरच्या दोन टोकांना लावला: ३४८ ओहम. २३०चा वर्ग भागिले ३४८ म्हणजे १५२ वॉट. हीटर ठणठणीत. जळलेला असता तर मीटरनं काहीच आकडा दाखवला नसता.

राहिला बायमेटल. खोलीच्या तापमानाला त्यानं वाट तोडलेलीच असते, त्यामुळे ओट्यावर ठेवून मोजला तर चांगला आणि वाईट दोन्ही सारखेच दिसतात. त्याला गोठवावं लागतं, आणि नुसत्या बर्फाच्या पाण्यात भागत नाही, कारण ते शून्यावर थांबतं आणि याला शून्याच्या बरंच खाली न्यायचं असतं. लहानपणी आजोळी पॉट आइस्क्रीम व्हायचं, लाकडी बादलीत बर्फ आणि जाडं मीठ ठासून मामा दांडा फिरवायचे. तीच युक्ती. काकूंच्या फ्रीझरमधून दोन ट्रे बर्फ आणला, फडक्यात बांधून वरवंट्यानं फोडला, तीन वाट्यांना एक वाटी जाडं मीठ. स्टीलच्या वाटीच्या बाहेरून लगेच पांढरी साय धरली. हे मिश्रण उणे पंधराच्याही खाली जातं. बायमेटल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून त्यात पुरला आणि मल्टीमीटर त्याच्या वायरींना लावून बसले. चांगला असेल तर पाच-सात मिनिटांत ‘टक्’ वाजून मीटर बोलायला हवा. वीस मिनिटं झाली. बोटं बधिर झाली. मीटर मुका. बाहेर काढून पुसला तेव्हा उजेडात दिसलं, त्याची प्लास्टिकची पाठ घुमटासारखी फुगली होती आणि कडेला केसासारखी चीर होती. त्यातून आत पाणी शिरलं, गोठलं, फुगलं, असं किती वर्षं चाललं असेल.

बाजारातल्या स्पेअरच्या दुकानात जुना बायमेटल दाखवला. दुकानदारानं त्यावरचा आकडा वाचला आणि त्याच आकड्याचा, फ्यूजसकट जोडलेला सेट काढून दिला. तीनशे वीस रुपये. आकडा जुळवून घेणं महत्त्वाचं, दिसायला सारखे असले तरी जोडायचं-तोडायचं तापमान वेगवेगळं असतं.

मी तपासण्यापर्यंत गेले, जोडणी मात्र स्वतः केली नाही. ज्या जागी रोज पाणी ठिबकतं तिथला सांधा पक्का हवा, तिथे चिकटपट्टी चालत नाही, आणि ते माझं काम नव्हे. रविवारी भाचा आंबा घाटातून एसटीनं आला. घाटात धुकं होतं, गाडी दीड तास उशिरा. आल्या आल्या हात-पाय धुतले आणि चहाच्या आधी फ्रीजपुढे मांडी घालून बसला. सांधे सोल्डर केले, वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवून तापवली, तशी ती तारेला कातडीसारखी आवळून बसली. बायमेटल जुन्या जागीच, वरच्या नळीवर, क्लिपनं घट्ट बसवला. “हा इकडे-तिकडे झाला तर चुकीच्या वेळी तोडेल,” तो म्हणाला. म्हणून काढण्याआधीचा फोटो मी ठेवला होता, तो कामाला आला.

मग त्यानं पन्हळीच्या मधल्या भोकात वाटीभर कोमट पाणी ओतलं. ते तिथेच तुंबलं. मे महिन्यात भाजीच्या खोक्याखाली पाणी साचायचं आणि मी ते रोज पुसत होते, भेंडी ओली ठेवली म्हणून असेल असं समजून. नळीत शेवाळासारखी बुळबुळीत गाठ होती. मोठ्या सिरिंजनं गरम पाणी चार-पाच वेळा दाबल्यावर ती मागच्या ट्रेमध्ये पडली. ट्रे काढून धुतला. तिथे पाणी साचून राहिलं तर डेंग्यूच्या डासांची पैदास होते, पावसाळ्यात आरोग्य खात्याचे लोक घरोघर येऊन फ्रीजच्या मागे टॉर्च मारतात ते यासाठीच. आठवड्यातून एकदा तो ट्रे कोरडा करायचा, हे मी आता कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

दाराचं रबरही पाहिलं. दारात दहाची नोट धरून दार लावायचं आणि नोट ओढायची. तीन बाजूंनी घट्ट होती, बिजागरीच्या खालच्या कोपऱ्यात अलगद निघाली. साबणाच्या कोमट पाण्यानं रबराच्या चुण्या पुसल्या, केस वाळवायच्या मशीनची जरा ऊब दिली, बोटांनी ओढून बसवलं. त्या फटीतून किती आषाढ आत गेला असेल कोण जाणे.

ज्यांच्याकडे नवे इन्व्हर्टर फ्रीज आहेत त्यांच्यासाठी एक ओळ: त्यात टायमर नसतो, सेन्सर आणि सर्किट बोर्ड ते काम करतात, बायमेटलही बऱ्याचदा नसतो. लक्षणं तीच, मागच्या पॅनेलवर हिम, खरखर, खालचा कप्पा कोमट. तिथे ओळखण्यापर्यंत आपण जावं, बोर्डाला हात लावू नये.

संध्याकाळी पॅनेल बसवून फ्रीज सुरू केला. तीन तासांत फ्रीझरमध्ये ठेवलेल्या वाटीतल्या पाण्यावर पापुद्रा धरला. कॉइल गोठल्याशिवाय नवा बायमेटल वाट जोडणार नाही, म्हणून रात्री जेवणं झाल्यावर, साडेनऊला, भाच्यानं प्लग काढून टायमरची खाच फिरवली. कट्. प्लग लावला. घरातलं सगळं बंद केलं. मी अंधारात फ्रीजला कान लावून उभी, हे छत्री घेऊन मीटरपाशी.

“लुकलुकला!” बाहेरून ओरडले. मी मनात अंक म्हणू लागले. सातव्या-आठव्या अंकाला परत, “लुकलुकला!” मिनिटाला आठ. थोड्या वेळानं पॅनेलआडून चर्र असा बारीक आवाज आला, मग मागच्या ट्रेमध्ये एक थेंब, मग दुसरा. सतरा मिनिटांनी ह्यांचा आवाज थांबला. बायमेटलनं वाट तोडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बादल्या घेऊन काकूंकडे गेलो आणि पिशव्या परत आणल्या. एकवीसच आणल्या, एक त्यांच्याकडेच ठेवली. भाच्याच्या कोल्हापूर गाडीला अजून दोन तास होते. एक पिशवी पाण्याच्या पातेल्यात सोडली आणि मी पुऱ्यांची कणीक भिजवायला घेतली.